कोदोमो नो ही: कागदाचा मासा उडाला पाहिजे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तोक्योच्या एदोगावा भागातल्या एका छोट्या शाळेत तुम्ही या एप्रिलपासून सहायक शिक्षिका म्हणून लागलात. वर्गात तीन ते सहा वर्षांची २२ मुलं आहेत: जपानी, भारतीय, नेपाळी, चिनी. ५ मेच्या ‘कोदोमो नो ही’चं, म्हणजे इथल्या बालदिनाचं हस्तकलेचं काम मुख्याध्यापिकांनी तुमच्यावर सोपवलंय. हाताशी चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन तासिका आहेत. कोईनोबोरीचे, म्हणजे उडत्या कार्प माशांचे छापील नमुने तुम्ही इंटरनेटवरून काढून ठेवलेत. पण मुलं दहा मिनिटांत रंगवून मोकळी होतील आणि उरलेलं चिकटवाचिकटवीचं काम आपल्यालाच करत बसावं लागेल, अशी धास्ती वाटतेय. शेवटी तुम्ही लिहिलंय, “मी जपानी नाही, माझ्याकडून काही चुकीचं तर होणार नाही ना?”

मी मूळची सांगलीची. सैतामा प्रांतातल्या एका होइकुएनमध्ये, म्हणजे सरकारमान्य पाळणाघर-बालवाडीत, गेली चौदा वर्षं काम करतेय. चौदा वेळा हे मासे केले, त्यातले पहिले तीन-चार वेळा चुकीचे केले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. काय करायचं हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. मासा करायचा हे ठरलेलंच आहे. प्रश्न असा आहे की तो मासा मुलाचा व्हावा कसा, आणि तो खरोखर कोईनोबोरी व्हावा कसा. छापील नमुन्यात या दोन्ही गोष्टी निसटतात. बाह्यरेषा दुसऱ्याची, खवले दुसऱ्याचे, मुलाच्या वाट्याला फक्त रंग भरणं येतं. म्हणूनच ते दहा मिनिटांत आटपतं. शिवाय सपाट कागदाचा मासा काठीला चिकटवला की ते माशाचं चित्र होतं. कोईनोबोरी ही नळी असते. तोंडातून वारा आत शिरतो, निमुळत्या शेपटीकडून बाहेर पडतो, आणि मधे अडकलेल्या हवेमुळे मासा फुगून पोहायला लागतो. तोंड ताठ आणि उघडं हवं, शेपटी उघडी हवी. एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

या माशामागची गोष्ट मूळची चीनमधली. पिवळ्या नदीवर ड्रॅगनचं द्वार म्हणून एक प्रचंड ओढीची जागा होती, आणि प्रवाहाविरुद्ध पोहत जो कार्प ती चढून जाईल तो ड्रॅगन होतो, अशी कथा. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ दरम्यान, सामुराई (योद्ध्यांच्या) घरांमध्ये मुलगा झाला की पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, ‘तांगो नो सेक्कु’च्या सणाला, दारात निशाणं उभारत. शहरातल्या सामान्य लोकांनी त्या निशाणांच्या जागी कार्प चढवला. उतागावा हिरोशिगे या चित्रकारानं १८५७ साली एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, शंभर प्रसिद्ध दृश्यांच्या मालिकेत तिथल्या सुइदोबाशी भागाचं चित्र काढलं, त्यात समोर एक अवाढव्य काळा मासा फडफडतोय आणि लांब मागे फुजी दिसतोय. ते चित्र मोठं छापून घ्या आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. मुलांना काही सांगू नका, फक्त विचारा, “या माशाच्या पोटात काय आहे?” आमच्याकडे एकानं “भात” सांगितलं होतं, एकीनं “काहीच नाही, वारा.” तिथून पुढचा तास आपोआप सुरू होतो.

त्या चित्रातले मासे काळे आहेत. आज काळ्याबरोबर लाल, निळे, हिरवे मासे दिसतात, ती नंतरची भर. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बोलू. पहिली गोष्ट तारीख. २९ एप्रिलला शोवा दिन, मग ३, ४ आणि ५ मे अशा लागून सुट्ट्या. म्हणजे सणाच्या दिवशी शाळा बंदच असते. मासे एप्रिलअखेरीस तयार होऊन घरी गेले तरच उपयोग, कारण ते ५ मेला घरच्या गॅलरीत उडायला हवेत. मी शेवटचं काम २८ एप्रिलच्या आत संपवते. पण इथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं हे विसरू नका. तुमच्या तीन वर्षांच्या मुलांना शाळेत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असणार. काही अजून सकाळी दारात रडत असतील. त्यांनी कात्री कदाचित हातात धरलेली नसेल. अशा मुलांकडून सहा वर्षांच्या मुलासारखं काम काढायला गेलात तर तुम्हालाच करावं लागणार, आणि ते अगदी साहजिक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मोठी माणसं किती आहेत. तुमच्यासकट तीन असतील तर मी खाली सांगते ते सगळं होईल. दोघीच असाल तर वर्गाचे दोन गट करा, एक गट अंगणात, एक टेबलापाशी. तिसरी गोष्ट शाळेला रंग चालतात का. काही ठिकाणी जमिनीवर गालिचे असतात, तिथे रंगाच्या वाट्या मांडल्या तर तुमचं कुणी ऐकून घेणार नाही. तसं असेल तर आधीच विचारून अंगण मागून घ्या.

मी अलीकडे सगळ्या वयांसाठी एकच पद्धत वापरते: ओरीझोमे, म्हणजे कागदाच्या घड्या घालून कोपरे रंगात बुडवणं. इथली ही जुनी पद्धत आहे. तीन वर्षांच्या मुलाला ती करता येते आणि सहा वर्षांच्या मुलाला ती कंटाळवाणी वाटत नाही. दोन मुलांचे कागद कधीच सारखे येत नाहीत. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

कागद घ्यायचा तो शोजीचा, म्हणजे सरकत्या दारांना लावतात तो. शंभर येनच्या दुकानात गुंडाळी मिळते. वेष्टणावर प्लॅस्टिकचा थर असल्याचं लिहिलेलं असेल तर घेऊ नका, त्यात रंग मुरत नाही. ३० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी लांब असे तुकडे कापा. ३० का, ते सांगते. इथल्या एक लिटर दुधाच्या खोक्याची बाजू ७ सेंमी असते, म्हणजे परीघ २८. खोकं आडवं कापून २ सेंमीच्या पट्ट्या काढल्या की माशाच्या तोंडाची कडी तयारच मिळते, जोड नाही, चिकटवणं नाही. चौकोनी कडी हातानं दाबून गोल करायची. कागदाचे २८ सेंमी कडीभोवती बसतात आणि २ सेंमी एकावर एक चढवायला उरतात. एका खोक्यातून आठ-नऊ कड्या निघतात, तुम्हाला तीन खोकी पुरतील. वर्गात कुणाला दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दुधाचं खोकं आणूच नका, धुतलेलंसुद्धा. जाड पुठ्ठ्याच्या ३० सेंमी पट्ट्या कापून त्यांच्या कड्या करा.

कागद रुंदीकडून चार भागांत पंख्यासारखा, म्हणजे उलटसुलट दुमडा. साडेसात सेंमीची पट्टी होईल. मग ती पट्टी तशीच सहा भागांत दुमडली की चौकोनी पुडी होते. मोठी मुलं तुमच्या मदतीनं हे करतात, घडी अंगठ्याच्या नखानं दाबायला त्यांना फार आवडतं. लहानांच्या पुड्या आदल्या दिवशी तुम्ही करून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. तीन वर्षांच्या मुलाचं काम पुढच्या टप्प्यात आहे.

रंग खाण्याचे घ्या. पाण्यात कोऱ्या चहाइतके गडद करा, त्याहून घट्ट नको. उथळ बशीत फडक्याचा तुकडा ठेवून त्यावर रंग ओता, म्हणजे पुडी एकदम गटांगळी खात नाही, कोपरा टेकवला तेवढाच रंग शोषते. बशा तीनच ठेवा: पिवळी, लाल, निळी. मुलांना सांगा की पिवळ्यात आधी बुडवायचं. नाहीतर पाचव्या मुलापर्यंत पिवळी बशी चिखलाची झालेली असते. आणि एक वाक्य आवर्जून म्हणा: “मधे थोडी पांढरी जागा ठेव.” मुलाला सगळं बुडवायचं असतं, आणि सगळं बुडवलं की सगळं तपकिरी होतं. तरीही एखाद्यानं बुडवलंच तर बुडवू द्या. कार्प तपकिरी असतातच.

बुडवलेली पुडी वर्तमानपत्रात ठेवून तळहातानं दाबायची आणि अर्धा तास विसरून जायचं. लगेच उघडली की ओला कागद फाटतो. मी पहिल्या वर्षी घाई केली आणि सात मुलांचे कागद फाटले, त्यांचे चेहरे अजून आठवतात. म्हणून बुडवणं सकाळी आणि उलगडणं जेवणाआधी, अशी वेळ बांधा.

उलगडण्याच्या त्या क्षणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण मी त्यासाठीच ही पद्धत धरून ठेवली आहे. पुडी हातात असताना मुलाला ती एक ओली, रंगीत वडी दिसते. पहिली घडी उघडते तेव्हा दोन ठिपके समोरासमोर दिसतात. दुसरी उघडली की चार. मग तो हळू होतो. बोटं सावकाश चालायला लागतात, श्वास थांबतो, जीभ ओठांच्या कोपऱ्यात जाते. शेवटची घडी उघडून कागद टेबलावर पसरतो तेव्हा कडेकडेनं निळे चौकोन, मधे जांभळ्या रेघा, आणि पांढऱ्यात पिवळं ऊन पडल्यासारखं. मूल कागदाकडे बघतं, मग स्वतःच्या हातांकडे बघतं. “हे मी केलं?” असं कुणी तोंडानं विचारत नाही, पण विचारलेलं कळतं. त्या वेळी “किती सुंदर!” म्हणत धावू नका. थांबा. त्याला बघू द्या.

कागद दोरीवर रात्रभर वाळतात. दुसऱ्या तासिकेला त्यांचा मासा होतो.

दुसऱ्या दिवशी आधी डोळे. डोळ्यांचे तयार स्टिकर देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पांढऱ्या कागदाचे गोल मात्र कापून द्या, कारण गोल कापणं या वयात अवघड जातं. त्यावर डोळा मुलानं काढायचा. आमच्याकडे एका पाच वर्षांच्या मुलीनं दोन्ही गोलांवर फक्त एकेक वाकडी रेघ काढली. मी वाकून म्हणाले, “अगं, डोळे उघडे काढ ना.” ती म्हणाली, “झोपलाय तो.” मी पेन्सिल उचलणार तेवढ्यात माझ्या शेजारच्या वयस्कर सहकारी बाईंनी माझ्या मनगटाला हळूच हात लावला. काही बोलल्या नाहीत. तो झोपलेला मासा वर्गातल्या एकवीस माशांबरोबर डोळे मिटून उडाला, आणि त्या दिवसापासून मी मुलांच्या माशाला हात लावणं सोडलं.

तो हात का लावला गेला ते मला नंतर उमगलं. १९४८ साली जपाननं राष्ट्रीय सुट्ट्यांचा कायदा केला आणि ५ मे हा दिवस कोदोमो नो ही ठरला. कायद्यात या दिवसाचा हेतू लिहिलेला आहे: मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान राखणं, त्यांच्या सुखाचा विचार करणं, आणि त्याचबरोबर आईबद्दल कृतज्ञता व्यक्त करणं. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान, हे शब्द तिथे पहिले आहेत. भिंतीवर बावीस एकसारखे मासे टांगून तो मान कसा राखणार? तुम्हाला मुख्याध्यापिकांनी विचारलं की नमुना का नको, तर हेच सांगा. जपानी माणसाला हे पटतं, कारण ते त्यांच्याच कायद्यातलं आहे.

डोळे झाले की कागद उपडा ठेवा, एका कडेला खळ लावा. इथल्या बालवाड्यांत बोटानं लावायची स्टार्चची खळ मिळते, आपण लहानपणी पतंगाला भाताची शितं लावायचो तशी. काडीच्या गोंदापेक्षा मला ती आवडते, कारण बोटाला किती घ्यायची ते कळायला लागतं. नळी वळवून जोड दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचा. डोळे जोडापासून लांब, दोन बाजूंना येतात ना, ते वळवण्याआधीच बघून घ्या. मग कडी तोंडात बसवून कागदाची कड आत दुमडून चिकटवायची. शेपटीला व्हीसारखी खाच द्यायची, ती मोठ्या मुलांनी कात्रीनं, लहानांसाठी तुम्ही. शेपटी कधीही चिकटवून बंद करू नका. सुंदर दिसते म्हणून टोकाला स्टेपल मारलेले मासे मी दरवर्षी कुठेतरी बघते. ते लटकतात, उडत नाहीत.

कडीला सारख्या अंतरावर तीन भोकं, तीन दोरे, आणि तिन्ही पुढे एकत्र गाठ मारून एका दोऱ्याला. एकाच ठिकाणी दोरा बांधला तर मासा तोंड वाकडं करून गरगर फिरतो. काठी म्हणून वर्तमानपत्राची घट्ट सुरळी वापरा. बांबूच्या काड्या धावणाऱ्या मुलांच्या हातात देऊ नका. दोरा हातभरापेक्षा लांब नको, गळ्यात अडकेल असा फास तर अजिबात नको.

आणि मग पळायचं. हाच खरा सण. वारा असो नसो, मूल धावलं की मासा फुगतो. ज्या मुलाला वर्गात काही जमलं नाही असं वाटत होतं तेही मागे वळून वळून बघत धावतं. पाऊस असेल तर आतमध्ये हवा फिरवायचा पंखा लावा आणि एकेकाला त्याच्यासमोर माशासकट उभं करा, तेही छान होतं.

आतापर्यंतचं एकदा जुळवून सांगते, म्हणजे तुम्हाला वेळापत्रक लावता येईल: आदल्या दिवशी कागद, कड्या आणि लहानांच्या पुड्या तयार. पहिल्या तासिकेत हिरोशिगेचं चित्र आणि बुडवणं, जेवणाआधी दहा मिनिटं उलगडण्यासाठी वेगळी मागून घ्या. रात्रभर वाळवण. दुसऱ्या तासिकेत डोळे, नळी, कडी, आणि शेवटची पंधरा मिनिटं काहीही झालं तरी धावण्यासाठी राखलेली. वेळ कमी पडला तर शेपटीची खाच सोडा, धावणं सोडू नका.

दुसरा एक चांगला मार्ग आहे, रंगाच्या वाट्या चालणार नसतील तर. मुलांनी पांढऱ्या मेणखडूनं दाब देऊन खवले काढायचे आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेण रंग झिडकारतं, खवले पांढरे राहतात. इथे याला हाजिकिए म्हणतात. कापडी माशांमागचं खरं हस्तकौशल्य हेच तत्त्व वापरतं. गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमानमध्ये कापडावर चिकट तांदळाच्या लगद्यानं रेषा झाकतात, मग सोयाबीनच्या रसात कालवलेले रंग देतात, आणि कडाक्याच्या थंडीत नदीच्या वाहत्या पाण्यात ते कापड धरून लगदा धुऊन काढतात. लगदा निघाला की झाकलेल्या रेषा पांढऱ्या शुभ्र दिसायला लागतात. मी एका हिवाळ्यात ते बघायला गेले होते. पाण्यात उभ्या कारागिरांचे लालभडक झालेले हात आणि प्रवाहात पसरलेले ते मासे. मेणखडूचा तास घेताना मी मुलांना त्याचा फोटो दाखवते. “आपण मेण लावलं, ते भाताचा चिखल लावतात,” एवढं सांगितलं की पुरतं.

काबुतोबद्दलही तुम्ही विचारलंय, म्हणजे सामुराईचं कागदी शिरस्त्राण. ते फक्त पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून करून घ्या आणि मासे झाल्यावर वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. मापाची एक गोष्ट लक्षात ठेवा: घडी घातलेल्या काबुतोची रुंदी कागदाच्या बाजूच्या साधारण सात-दशांश येते. ४० सेंमी चौकोनातून २८ सेंमी रुंद टोपी होते, म्हणजे घेर ५६. या वयाच्या मुलाच्या डोक्याला ती बरोबर बसते. इथल्या वर्तमानपत्राच्या एका पानातून ४० चा चौकोन निघतो. दुहेरी पानातून ५४ चा काढला तर ती मुलाच्या नाकापर्यंत येते. ओरिगामीचा नेहमीचा १५ सेंमीचा कागद बाहुलीच्याच डोक्यावर बसेल. “युद्धाची टोपी कशाला?” असं एखादे पालक विचारतील. मी सांगते की तलवार नाही, डोकं सांभाळणारी वस्तू आहे. घरात मुलाला काही इजा होऊ नये म्हणून ती मांडतात. वर्गात लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या तलवारी मी कधी करून घेतल्या नाहीत आणि घेणार नाही.

मुलींनी करायचं का, हाही प्रश्न येतो. पूर्वी तांगो नो सेक्कु मुलग्यांचा आणि ३ मार्चचा हिनामात्सुरी मुलींचा, अशी वाटणी होती, आणि घरोघरी ती अजूनही बऱ्यापैकी आहे. पण १९४८ पासूनची सुट्टी सगळ्या मुलांची आहे. शाळेत सगळ्यांनी सगळं करायचं.

आता ती काळ्या माशाची गोष्ट. इथे बालवाडीत म्हणतात त्या गाण्यात मोठा काळा मासा म्हणजे बाबा आणि लहान लाल मासे म्हणजे मुलं, असं आहे. नंतरच्या काळात लाल म्हणजे आई, निळा म्हणजे मूल, अशी मांडणी रुळली. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी मुलांना सांगितलं, “काळा मासा बाबांचा करा.” एक मुलगा गप्प बसून राहिला. त्याच्या घरी बाबा नव्हते, हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. त्यानं काळा कागद घेतला, घडी घातली आणि टेबलाखाली ठेवला. त्या दिवसापासून मी रंगांना नाती लावत नाही. हिरोशिगेचे मासे काळे होते, नंतर रंग वाढले, घराघरात वेगवेगळी माणसं असतात, तुला हवा तो रंग घे. तुमच्या वर्गात तर आईबाबांपैकी एकजण दुसऱ्या देशात असलेली मुलंही असतील. ज्याला चार मासे करायचेत त्यानं चार करावेत, ज्याला आजीचा करायचाय त्यानं आजीचा.

खाण्याचं थोडक्यात. पूर्व जपानात या दिवशी काशिवामोची खातात: ओकच्या पानात गुंडाळलेली, गोड सारण भरलेली मोची, म्हणजे तांदळाचा चिकट गोळा. नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाची जुनी पानं गळत नाहीत, म्हणून घराण्याची वेल चालू राहो अशी त्यामागची भावना. पान खायचं नसतं. मोची घशात अडकू शकते, म्हणून लहान मुलांना शाळेत मी ती देत नाही. पान हातात देते, वास घ्यायला आणि शिरा मोजायला. तेवढं पुरेसं होतं.

शेवटी तुमची ती भीती, आपण जपानी नाही ही. या दिवशी शाळेत कोणतीही पूजा किंवा विधी करायचा नसतो, त्यामुळे पूजेत चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट, आपल्याकडे एक गोष्ट आहे जी मला इथे येऊन सातव्या वर्षी कळली. ५ मेला इथे आंघोळीच्या टबात ‘शोबू’ची लांब हिरवी पानं टाकतात, मुलांना आजार होऊ नये म्हणून. त्याचा उग्र वास वाईट गोष्टींना पळवतो असं मानतात. ‘शोबू’ या उच्चारात शौर्याला मान देण्याचा अर्थही निघतो, म्हणून सामुराईंनी तो उचलला. मुलं त्याचं पान डोक्याला पट्टीसारखं बांधतात. एदो काळात पानांची वेणी करून जमिनीवर आपटून कुणाचा आवाज मोठा येतो असा खेळही खेळत. एका वर्षी सहकारी बाईंनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं आणि मी एका क्षणात आजीच्या न्हाणीघरात पोहोचले. शोबू म्हणजे आपलं वेखंड. एकच वनस्पती. आपण वाळलेलं मूळ वापरतो, बाळाला न्हाऊ घातल्यावर डोक्यावर वेखंडाची पूड भुरभुरवतो, धुरीत घालतो. इथे पान वापरतात. हेतू दोन्हीकडे तोच, मूल सुखरूप राहावं.

म्हणून घरी द्यायच्या चिठ्ठीत मी दोन ओळी जास्त लिहिते: मासा गॅलरीत बांधा, आणि सुपरमार्केटमधून शोबूची जुडी आणून ५ मेच्या रात्री आंघोळीच्या पाण्यात टाका. मेच्या पहिल्या आठवड्यात ती भाजीच्या भागात मिळते, बऱ्याचदा योमोगी नावाच्या सुवासिक वनस्पतीच्या पानांबरोबर बांधलेली. जांभळ्या फुलांचं हानाशोबू दिसायला शोभिवंत असतं पण ती वेगळी वनस्पती, तिला तो वास नाही, ती घेऊ नका. वर्गातल्या भारतीय आईंना “हे वेखंड आहे” असं सांगून बघा. माझ्याकडे एका आईनं दुसऱ्या दिवशी घरून डबीत वेखंडाची पूड आणली, आणि आमच्या सगळ्या जपानी बाई ओळीनं तिचा वास घेत उभ्या होत्या.

जाता जाता एकच. धावताना एखाद्याचा मासा फुगला नाही तर रंग, कागद, दोरा यांना दोष देण्याआधी तोंडाची कडी बघा. दहातल्या नऊ वेळा ती चेपलेली असते. दोन बोटांनी गोल केली की उडतो.